लोणच्याचे नऊ दिवस

माझं शिक्षण चौथीपर्यंत. वेलांट्या कुठे पहिल्या आणि कुठे दुसऱ्या हे मला आजही नीट कळत नाही, आणि अक्षर तर कोंबडीने अंगण उकरल्यासारखं येतं. त्याबद्दल आधीच माफी मागते. ही सासरी गेलेल्या मुलीची जुनी वही आहे, मागची पानं कोरी राहिलेली. खरं तर कोणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. तोंडाने बोलायला मला कधीच जमलं नाही, म्हणून हाताने बोलून बघते आहे.

कैऱ्या आल्या. मानपाड्याच्या रस्त्यावर हातगाड्या लागल्या आहेत, आणि कोपऱ्यावर एक माणूस पोतं अंथरून कैऱ्या फोडून देतो. मोठ्या अडकित्त्याचा आवाज असतो, आधी कच्च आणि मग कोय तुटल्याचा खट्ट. पूर्वी तो आवाज आला की जिभेच्या कडेला पाणी सुटायचं. आता मी तो आवाज टाळते. काल दोन पिशव्या घेऊन जाताना मी रस्ता ओलांडून पलीकडून गेले. पलीकडे नाला आहे, आणि या दिवसांत त्याला कंपन्यांचा जो वास येतो त्याने डोळे चुरचुरतात. तरी तो वास मला कैरीपेक्षा बरा वाटला.

आमच्याकडे मे महिना संपत आला की हवा हलायची थांबते. मलंगगडाच्या अंगाला ढग येऊन बसतात, दिवसेंदिवस तिथेच बसतात, आणि पाऊस काही पडत नाही. पत्रे तापलेले असतात पण ऊन दिसत नाही. दोरीवरचे कपडे वाळल्यासारखे वाटतात आणि घडी घालताना हाताला गार लागतात. कावळे काड्या नेऊन नेऊन थकतात. गेल्या वर्षी हे सगळं असंच होतं, तसंच्या तसं. म्हणून मला भीती वाटते. दिवस परत आले की त्यांच्याबरोबर बाकीचंही परत येईल असं वाटत राहतं.

आमचा सहा जणींचा गट. कुंदावहिनी अध्यक्ष, कारण त्यांचा आवाज मोठा आणि त्यांना कोणाची भीड नाही. मी. रेश्मा, नव्याने लग्न होऊन चाळीत आलेली, बारावी झालेली, सारखी हसणारी. बाकी तिघी आमच्याच चाळीतल्या. ठाण्याच्या एका शेटने लोणच्याची ऑर्डर दिली होती. कोपरीत त्याचं गोदाम होतं आणि मोठमोठ्या सोसायट्यांतून तो घरगुती माल विकायचा. तीनशे किलो लोणचं, अर्ध्या अर्ध्या किलोच्या काचेच्या बरण्यांत, नऊ दिवसांत. बरण्या त्याच्याच, खोक्यात पेंढा घालून आलेल्या. तीस हजार त्याने आधीच हातात ठेवले. एवढे पैसे आमच्यापैकी कोणी एकत्र बघितले नव्हते. कुंदावहिनींनी ते देवासमोर ठेवले आणि आम्ही सगळ्यांनी हात जोडले.

मग एक सर आले. मोठं काम कसं पार पाडायचं, हे बायकांच्या गटांना शिकवायला ते फिरायचे. पोरगेलेसेच होते, पाठीला बॅग, घामाने शर्ट चिकटलेला. चाळीच्या मंडळाच्या खोलीत त्यांनी आम्हाला खाली बसवलं आणि तिघींना उभं करून मध्ये गाठ मारून जोडलेल्या दोरीची तीन टोकं हातात दिली. एक टोक म्हणजे किती माल, एक म्हणजे किती दिवस, एक म्हणजे किती पैसे.

"आता ताई, तुम्ही तुमचं टोक जोरात ओढा," ते कुंदावहिनींना म्हणाले.

कुंदावहिनींनी अशी ओढली की रेश्मा दोन पावलं पुढे आली आणि हसत सुटली. "अहो वहिनी, माल वाढवताय की माझा हात काढताय?"

"बघितलंत?" सर म्हणाले. "एक टोक ओढलं की बाकीची दोन जागेवर राहत नाहीत. माल वाढला तर दिवस वाढणार नाहीतर खर्च वाढणार. शेट फोनवर गोड बोलेल. तेव्हा ही दोरी आठवायची."

ते जे सांगत होते ते मला सगळं कळत होतं, आणि त्याचंच मला नवल वाटत होतं. शाळेत मला कधी काही पटकन कळलं नव्हतं. पण हे तर घरातलंच होतं. चुलीवर आधी काय चढवायचं, डाळ शिजेपर्यंत काय चिरून घ्यायचं, पाहुणा वाढला तर काय पातळ करायचं. सरांनी त्याला फक्त चौकटी आखल्या. भिंतीवर मोठा कागद लावला, वर नऊ दिवस, बाजूला कामं. मोहरीची डाळ नि मेथी निवडणं, भाजणं, दळणं. बरण्या धुऊन दोन उन्हं देणं. कैऱ्या आणणं, पुसणं, फोडणं, मीठ-हळद लावणं. तेल तापवून पुरतं गार करणं. कालवणं. भरणं. कशाच्या आधी काय झालंच पाहिजे त्याला लाल बाण. बरण्या त्यांनी तिसऱ्या दिवसावर टाकल्या. "हे काम सोपं दिसतं म्हणून मागे ढकलाल. ढकलू नका. पुढचं सगळं याच्यावर अडलंय." नववा दिवस त्यांनी कोरा ठेवला. "हा कुणालाही द्यायचा नाही. हा चुकांसाठी."

एका कामाला एकच नाव लिहा, असंही म्हणाले. दोन नावं लिहिली की दोघींना वाटतं दुसरी करील. पण बरण्या सहाशेच्या घरात जातील असं दिसताच कुंदावहिनी म्हणाल्या, सगळ्यांची लिहा, सगळ्याच करू. मग प्रत्येक चौकटीत सहा नावं झाली. कागद भरून गेला. बघायला छान दिसत होता.

शेवटी सरांनी विचारलं, "आता मला सांगा, काय चुकू शकतं?"

 पंखा किरकिर करत होता. सरांनी स्वतःच लिहिलं: पाऊस, लाईट जाणं, कैरीचा भाव. "अजून?" त्यांनी एकेकीकडे बघितलं. आम्ही सहा जणी जमिनीकडे बघत होतो, आणि सहा जणींच्या मनात एकच गोष्ट होती याची मला आजही खात्री आहे.

लोणच्याला चार दिवसांतली बाई हात लावत नाही. आमच्याकडे बाकी पुष्कळ सुटलं, पण पापड-लोणच्याचं सुटलं नाही. सहा बायका आणि नऊ दिवस. कोणीतरी बाजूला बसणारच होतं. पण ते परक्या पुरुषासमोर कसं म्हणायचं, आणि भिंतीवरच्या कागदावर, जो मंडळाची पोरंही येता-जाता वाचणार, त्यावर लिहायचं कसं? मी तर मनातल्या मनात मोजूनही झाले होते. चाळीत नळ एक, दोऱ्या शेजारी-शेजारी. कोण कधी देवाला फुलं घालायला दुसरीला सांगते, कोण कधी डोक्यावरून न्हाते, हे मला न बघता माहीत असतं. बाकीच्या तिघींपैकी दोघींची अडचण नेमकी त्या नऊ दिवसांत येत होती, तिसऱ्या दिवसापासून पुढे. रेश्माची नंतर होती. कुंदावहिनी तर कधीच सुटल्या होत्या, आणि तसं त्या अभिमानाने सांगायच्याही. माझं मी धरलंच नाही. माझं दोन महिने आलं नव्हतं, मी म्हटलं मीही सुटले.

सहा नावांच्या जागी चार. मला ते दिसत होतं, भिंतीवरच्या कागदाला भोक पडल्यासारखं. मी पदर नीट केला.

कुठल्याही कामात असं काहीतरी असतं का, याचा मी नंतर खूप विचार केला. ज्या घरांत मी धुणं-भांडी करते तिथली माणसं दिवसभर फोनवर कामाबद्दल बोलत असतात. त्यांच्या तक्त्यावरही अशी एखादी जागा असेल का, सगळ्यांना माहीत असलेली आणि कोणी न लिहिलेली? पाऊस लिहिता येतो. पावसाला लाज नसते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेटचा फोन आला. कुंदावहिनी हसून हसून बोलत होत्या. फोन ठेवून म्हणाल्या, "चारशे किलो करू म्हटलंय. शंभर किलोने काय होतंय? जास्तीच्या बरण्या तो पाठवतोय. आणि गाडी आठव्या दिवशी संध्याकाळीच येईल. तो कोरा दिवस आहे ना, तो देऊन टाकला."

"वहिनी, दोरी," रेश्मा म्हणाली.

"दोरी गेली सरांबरोबर. तू हात चालव."

तिसऱ्या दिवशी एकीकडे पाहुणे आले. चौथ्या दिवशी दुसरीची पाठ धरली. तसं म्हणायचं असतं आमच्यात, आणि ऐकणारीनेही तसंच ऐकायचं असतं. कुंदावहिनींना सगळं कळत होतं तरी त्या लाल पेनाने कागदावर रेघा मारत राहिल्या, जसं काही त्या दोघी ठरवून पळाल्या होत्या. कैऱ्या मात्र आल्या. राजापुरी, तळहातापेक्षा मोठ्या, पोत्यांतून ओतल्या तेव्हा जमीन हलल्यासारखी झाली. कैरी थांबत नाही. फोडली की त्याच दिवशी मीठ लागलं पाहिजे. म्हणून हात सगळे कैरीवर गेले आणि बरण्या राहिल्या. बरण्या काय, कधीही धुता येतात. तिसऱ्या दिवसाच्या बरण्या चौथ्यावर गेल्या, मग पाचव्यावर, मग सातव्यावर. खोलीच्या कोपऱ्यात खोकी एकावर एक तशीच उभी होती, पेंढ्याला उंदरांचा वास यायला लागला होता, आणि जाता-येता प्रत्येकीची नजर तिकडे जाऊन परत यायची.

त्या दिवसांतलं मला काय आठवतं? खाराने चरचरणारी बोटं. हळदीने पिवळी झालेली नखं, जी पुढे आषाढापर्यंत गेली नाहीत. भाजलेल्या मेथीचा कडू धूर. मोठ्या पातेल्यात तेल तापवलं तेव्हा सगळी चाळ दारात येऊन उभी राहिली होती. आणि रेश्मा. ती फोडींच्या ढिगाऱ्यासमोर फतकल मारून बसायची, कपाळाचा घाम खांद्याला पुसायची, आणि म्हणायची, "काकी, चारशे किलो लोणचं खाणाऱ्यांचे दात एकदा बघायला पाहिजेत." मी हसायचे. मला बोलता येत नाही, पण तिच्याजवळ हसता यायचं.

एकदा ती म्हणाली होती, "वहिनी, हे बाजूला बसायचं काही खरं नसतं हो. आमच्या कॉलेजच्या बाई म्हणायच्या." कुंदावहिनींनी चमचा खाली ठेवला आणि तिच्याकडे नुसतं बघितलं. तेवढंच. पण ते बघणं मी लक्षात ठेवलं होतं, आणि कुंदावहिनींनीही.

सातव्या दिवशी बरण्या धुतल्या. ऊन नव्हतं. आकाश पांढरं, भांड्याच्या तळासारखं. पटांगणात जुन्या चादरींवर आठशे बरण्या उपड्या घातल्या. मलंगगडाकडून मधूनच गार वारा यायचा आणि सगळ्या बरण्या एकदम बारीक किणकिणायच्या. आठव्या दिवशी सकाळी उचलून आत आणल्या. मी एक सुलटी केली, आत बोट फिरवलं. तळाशी ओल होती. दुसरीत बोट घातलं. ओल. काचेला बाहेरून काही दिसत नव्हतं.

त्याच सकाळी माझी पाळी आली होती.

हे लिहायला मला वर्ष लागलं. दोन महिने गेलेली, गेलीच म्हणून मी विसरलेली, ती त्या दिवशी आली. त्या दोघी माल जाईपर्यंत येणारच नव्हत्या; मी घरी परत गेले असते तर भरायला तिघी राहिल्या असत्या, आणि गाडी संध्याकाळी येणार होती. आणि मी घरी लोणचं घालत आलेच होते की. सासूबाई गेल्यापासून माझ्या घरात दुसरी बाई नाही. मी बाजूला बसले तर घालणार कोण? कुठल्याही दिवशी घातलं, कधी बिघडलं नाही, आणि कोणाला सांगितलंही नाही. चाळीतल्या निम्म्या घरांत असंच असेल. एकटीने मोडायचं आणि सहा जणींत पाळायचं.

म्हणून मी थांबले. आणि थांबले म्हणून बोलले नाही. बरण्या ओल्या आहेत असं म्हटलं असतं तर सगळ्या माझ्याकडे वळल्या असत्या. कुंदावहिनी जवळ आल्या असत्या, काय गं, तुझा चेहरा असा का, म्हणाल्या असत्या. त्या दिवशी मला कोणाच्याही नजरेत यायचं नव्हतं. मी बरणी पुढे सरकवली. रेश्माने भरली. मी झाकण लावलं. असं आठशे वेळा.

बारा दिवसांनी शेटने खोकी परत पाठवली. पाऊस लागला होता आणि मंडळाच्या खोलीत अंधार होता. कुंदावहिनींनी एका बरणीचं झाकण उघडलं. वर पांढरं, मऊ, फुलासारखं काही आलं होतं. दुसरी उघडली. तिसरी. आंबट, कोंदट वास खोलीत भरला आणि कोणीतरी दार उघडायला गेलं.

"कोणीतरी शिवलंय," कुंदावहिनी म्हणाल्या. हळू म्हणाल्या. त्या मोठ्याने ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "त्या दोघी तर बसल्या होत्या. मग राहिलं कोण? जिला हे खरं वाटत नाही तीच की."

रेश्मा आधी हसली. तिला वाटलं गंमत आहे. मग तिने आमचे चेहरे बघितले.

"माझी तारीखच नव्हती वहिनी. शपथ. काकींना विचारा ना, काकींना सगळ्यांचं माहीत असतं." आणि माझ्याकडे वळून, "सांगा ना, काकी."

मला माहीत होतं. सगळ्या जगात मलाच माहीत होतं. मी तोंड उघडलं असेल, कारण माझ्या जिभेवर तो आंबट वास बसलेला मला आठवतो. मग मी पदर नीट केला.

शेटला तीस हजार परत द्यायचे होते. कुंदावहिनींनी ठरवलं, अर्धे रेश्माने भरायचे, बाकीचे पाच जणींनी. म्हणजे आम्ही तीन-तीन हजार, आणि ती पंधरा. तिच्या सासूने तिच्या माहेरचे कानातले विकले. दोन महिन्यांत ती आणि तिचा नवरा विठ्ठलवाडीला भाड्याच्या खोलीत गेले. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा मी खिडकीत होते. तिने वर बघितलं नाही.

पितृपंधरवड्यात गटाची मीटिंग होती. मी बोलले. कसं बोलले ते मला आठवत नाही. भिंतीकडे बघून बोलले एवढं आठवतं. आधी बरण्यांचं सांगितलं, तळाशी ओल होती, मी बोट घालून बघितलं होतं, दोन उन्हं मिळाली नव्हती. मग माझं सांगितलं. मला वाटलं होतं, बरण्यांचं ऐकतील. पण बरण्यांचं कोणाच्या कानातच गेलं नाही. पहिलं वाक्य विरून गेलं आणि दुसरं खोलीत उभं राहिलं.

"म्हणजे तू," कुंदावहिनी म्हणाल्या. "या वयात. आणि तोंड मिटून भरत बसलीस."

"बरण्या ओल्या..."

"ते राहू दे. मग त्या पोरीच्या पंधरातले पाच तिचा वाटा, वरचे दहा हजार तू द्यायचे. आम्ही का?"

मी हो म्हटलं. त्या दिवसापासून मी गटात नाही. नळावर माझी बादली आली की बोलणं थांबतं. माणसं वाईट नाहीत. माझ्या आजारपणात त्यांनीच डबे दिले होते. त्यांना कोणीतरी एक हवं होतं, आणि ते मिळालं, आणि सगळ्यांना शांत झोप लागली. ओल्या बरणीवर रागावता येत नाही.

दर महिन्याला हजार, कधी बाराशे घेऊन मी विठ्ठलवाडीला जायचे. एक घर जास्तीचं धरलं, त्याचे. पहिल्यांदा गेले तेव्हा दारातच तिला सगळं सांगितलं. तिने ऐकलं, पैसे घेतले आणि दार लावलं. पुढे दार लावायची नाही, पण बसही म्हणायची नाही. नोटा मोजायची, "मिळाले" म्हणायची. तिचं हसणं कुठे गेलं ते मी विचारू शकत नव्हते.

गटाने यंदा पुन्हा ऑर्डर घेतली आहे, दुसऱ्या कोणाची. मंडळाच्या खोलीत भिंतीवर कागद लागला आहे. नवी एक बाई घेतली, एकूण पाच नावं, प्रत्येक चौकटीत पाचही. परवा खिडकीवरून जाताना मी न थांबता मोजलं. दोन जणी बसणार आहेत. कोपऱ्यात बरण्यांची खोकी उभी आहेत. माझे पाय थांबले.

"वहिनी, बरण्या आधी धुऊन घ्या," मी खिडकीतून म्हटलं.

कुंदावहिनींनी मान वर केली. "तू लांबूनच बोल बाई," त्या म्हणाल्या. "आणि आज माल यायचाय, सावली पाडू नको."

मलंगगडावर ढग बसलेले आहेत. दोरीवरचे कपडे हाताला गार लागतात.

आज विठ्ठलवाडीला गेले. शेवटचे आठशे राहिले होते. रेश्माने उंबऱ्याशी पाट टाकला, पहिल्यांदाच. पाणी आणून दिलं. नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या. मग खाली बघत म्हणाली, "काकी, बरण्या ओल्या होत्या हे मला तेव्हाच माहीत होतं."

मी तिच्याकडे बघितलं.

"तुम्ही आत बोट फिरवलंत ना, मी तुमच्या मागेच उभी होते. तुम्ही दुसरीतही फिरवलंत. म्हटलं, काकींनी बघितलंय म्हणजे आता त्या सांगतील." तिने नोटा सारख्या केल्या. "मग तुम्ही बरणी माझ्याकडे सरकवलीत. म्हटलं, काकींना चालतंय म्हणजे चालत असेल."

बाहेर कोणीतरी नळाखाली कळशी लावली होती, ती भरून वाहत होती तरी कोणी बंद करत नव्हतं. रेश्माने नोटांना रबर लावलं.

"पूर्ण झाले, काकी," ती म्हणाली. "दहा हजार. आता काही देणं नाही."

मी पाणी संपवलं, पेला उंबऱ्यावर ठेवला आणि उठले. पुढच्या महिन्यात इथे यायला मला आता काही कारण उरलं नव्हतं.